सामायिक मोबाईल जाळ्यात संदेश वेळेवर पोहोचण्याची हमी कशी मिळेल?

दुधना (धागाकर्ता)

वाळूज, शेंद्रा आणि आता बिडकीन या आपल्या औद्योगिक पट्ट्यांत यंत्रे तारेऐवजी मोबाईल जाळ्याने जोडण्याची चर्चा वाढली आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जी सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी उद्योगांना स्वतःचे खासगी जाळे उभारता यावे यासाठी दूरसंचार विभागाने मार्गदर्शक तत्त्वेही काढली. मी कारखान्यांच्या नियंत्रण यंत्रणांचे काम करतो. या विषयावरच्या बहुतेक बैठकांत पहिला प्रश्न "स्पीड किती मिळेल?" हाच असतो, आणि चर्चा तिथेच चुकीच्या रस्त्याला लागते असे मला वाटते. प्रेस मशीनच्या सुरक्षा सेन्सरला वेगाशी काही देणेघेणे नसते. त्याचे दोन-तीन डझन बाइट ठरलेल्या मुदतीत पोहोचले की त्याचे काम झाले, आणि मुदत टळल्यावर पोहोचलेला संदेश त्याच्या दृष्टीने हरवल्यातच जमा असतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ मध्ये फाइव्ह-जीसाठी जी किमान अट घातली, ती अशी आहे की ३२ बाइटचा संदेश १ मिलिसेकंदात पोहोचण्याची शक्यता ९९.९९९ टक्के असावी, म्हणजे लाखात एकच चुकावा. ऐकायला हे फार कडक वाटते. मात्र एका शेडमध्ये ५० यंत्रे आहेत आणि प्रत्येक यंत्र दर १० मिलिसेकंदांनी संदेश पाठवते असे धरा. सेकंदाला ५,००० संदेश झाले. लाखात एक चुकणार असेल, तर दर २० सेकंदांनी कुठल्या तरी यंत्राचा एक संदेश चुकणारच. म्हणून "पाच वेळा नऊ" हा आकडा निविदेत लिहिल्याने काम भागत नाही. एक संदेश चुकल्यावर यंत्राने काय करायचे, लागोपाठ किती चुकले तर थांबायचे, हेही त्याच वेळी ठरवावे लागते.

हा विलंब नेमका कुठे साचतो, ते फोर-जीच्या अपलिंकवर, म्हणजे उपकरणाकडून टॉवरकडे जाणाऱ्या दिशेवर, पाहण्यासारखे आहे. सेन्सरकडे संदेश तयार झाला, तरी त्याला लगेच बोलता येत नाही. आधी "मला बोलायचे आहे" असे बेस स्टेशनला (टॉवरवरच्या यंत्रणेला) कळवावे लागते आणि ते कळवण्याची संधी, समजा, दर १० मिलिसेकंदांनी येते, म्हणजे सरासरी ५ मिलिसेकंद तिथेच गेले. विनंती पोहोचली की सुमारे ४ मिलिसेकंदांनी परवानगी येते, परवानगीनंतर आणखी ४ मिलिसेकंदांनी खरा संदेश निघतो, आणि तो उलगडायलाही काही मिलिसेकंद लागतात. संदेश बिघडला तर पुढची फेरी ८ मिलिसेकंदांनी. आणि पहिला प्रयत्न साधारण दहांत एकदा फसावा, अशाच बेताने पाठवण्याचा दर निवडण्याची पद्धत आहे. चित्रफिती पाहणाऱ्यांसाठी तो हिशेब अगदी योग्य आहे, कारण त्यात उपलब्ध लहरींतून जास्तीत जास्त काम निघते, पण मुदतीला बांधलेल्या संदेशाच्या तो मुळावर येतो.

फाइव्ह-जीने यातले बरेच काही सुधारले. वेळेचा स्लॉट १ मिलिसेकंदावरून अर्ध्यावर आणि त्याहूनही खाली आणता येतो, संपूर्ण स्लॉटाची वाट न पाहता त्यातील दोन, चार किंवा सात चिन्हांत (स्लॉटाच्या बारीक तुकड्यांत) संदेश बसवता येतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नियमित बोलणाऱ्या उपकरणाला आधीच जागा नेमून देता येते, म्हणजे परवानगी मागण्याची फेरीच वाचते. तरीही एक अडचण राहते. आपल्याकडे फाइव्ह-जीसाठी प्रामुख्याने वापरला जाणारा ३.३ गिगाहर्ट्झचा पट्टा जाण्यायेण्यासाठी एकच असतो, त्यामुळे वेळ वाटून घ्यावी लागते, आणि पाच स्लॉटांच्या प्रचलित रचनेत अपलिंकचा पूर्ण स्लॉट २.५ मिलिसेकंदांत एकदाच येतो. ही रचना तशीच ठेवून कोणी अपलिंकवर १ मिलिसेकंदाची हमी देत असेल, तर त्याला ती लेखी मागावी.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा गर्दीचा. रांगेच्या साध्या गणितात, एक संदेश हाताळायला सरासरी १ मिलिसेकंद लागत असेल आणि जाळे निम्मे भरलेले असेल, तर रांगेसह सरासरी विलंब २ मिलिसेकंद होतो. ते ९० टक्के भरले की १०, आणि ९५ टक्के भरले की २०. ही झाली सरासरी. लाखात एक संदेश किती अडकतो असे विचारले, तर निम्म्या भारावर उत्तर सुमारे २३ मिलिसेकंद आणि ९० टक्के भारावर सुमारे ११५ मिलिसेकंद येते. प्रत्यक्ष जाळे या गणिताइतके सरळ नसते, पण दिशा हीच असते. मुदत पाळायची असेल तर क्षमतेचा काही भाग जाणीवपूर्वक मोकळा ठेवावा लागतो, आणि अनेकांनी मिळून वापरायच्या जाळ्यात तो मोकळा भाग कोणाच्या वाट्यातून काढायचा, हाच खरा प्रश्न आहे. आपापल्या क्षेत्रातला अनुभव सदस्यांनी मांडावा, अशी विनंती आहे.

तेरणाकाठ

धागा कारखान्यांबद्दल आहे, तरी शेतीतला अनुभव इथे गैरलागू ठरणार नाही असे वाटते. आमच्या धाराशिव भागात विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारीला सिम घातलेला ऑटो बसवण्याची पद्धत आता जुनी झाली आहे. लाईट आली की ऑटो फोनवर कळवतो आणि आपण घरूनच मोटार चालू किंवा बंद करतो. रात्री-अपरात्री, विंचूकाट्यातून शेतात जाणे त्याने वाचले आहे. अडचण अशी आहे की फीडरवर थ्री फेज येते त्या क्षणी शिवारातले झाडून सारे ऑटो एकदमच जागे होतात, आणि नेमक्या त्या मिनिटाला कोणाचाच संदेश धड जात नाही. फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसत असतात. पाच-दहा मिनिटांनी सारे सुरळीत होते. टॉवर तोच, रेंज तीच, मग तेवढ्या वेळापुरते काय बिघडते?

दुधना

तेरणाकाठ, आपले निरीक्षण विषयाच्या गाभ्याचे आहे. रेंजच्या दांड्या टॉवर ते फोन ही एक बाजू दाखवतात. टॉवरकडे एकाच वेळी किती जण बोलू पाहत आहेत, हे त्यात दिसत नाही.

जाळ्याशी नव्याने संपर्क साधणारे प्रत्येक उपकरण आधी एक छोटी हाक देते. फोर-जीत अशा हाकांचे ६४ नमुने असतात, त्यातील काही राखीव असतात. उरलेले ५४ सर्वांसाठी खुले आहेत असे धरू. प्रत्येक उपकरण त्यातला एक नमुना आपल्या मनाने उचलते, आणि दोघांनी एकाच क्षणी एकच नमुना उचलला की बहुधा दोघांचेही काम फसते. एका वेळी २० उपकरणांनी हाक दिली, तर आपली हाक कोणाशीही न आदळण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. १०० उपकरणांनी दिली, तर ती १६ टक्क्यांवर येते. फसलेले सारे पुन्हा प्रयत्न करतात आणि गर्दी आणखी वाढते. टू-जीवर चालणाऱ्या ऑटोत तपशील वेगळे आहेत, तत्त्व तेच आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास उभारलेल्या अलोहा जाळ्यापासून हे गणित माहीत आहे. सर्वांनी वेळेचे ठरलेले खण पाळून, पण आपापल्या मनाने बोलायचे ठरवले, तर जास्तीत जास्त सुमारे ३७ टक्के खणच सत्कारणी लागतात, आणि त्यापुढे गर्दी वाढली की उपयोग उलट कमी होत जातो.

यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे. ऑटो बनवणाऱ्याने त्यात एवढेच लिहायचे की लाईट आल्यावर शून्य ते दोन मिनिटांतला कोणताही क्षण स्वतः निवडून मगच संदेश पाठवावा. बेस स्टेशन हाका ऐकण्याची संधी दर ५ मिलिसेकंदांनी देत असेल, तर दोन मिनिटांत २४,००० संधी होतात आणि शंभर ऑटो त्यात सहज पांगतात. "लाईट आली" ही बातमी दोन मिनिटे उशिरा कळल्याने कोणाचे बिघडत नाही. याउलट "मोटार कोरडी चालली आहे" हा संदेश थांबवून ठेवू नये, आणि खरे तर त्यासाठी जाळ्यावर अवलंबूनच राहू नये. मोटार बंद करण्याचा निर्णय ऑटोने जागेवरच घ्यावा आणि मागाहून कळवावे. नुकसान काही सेकंदांत होणार असेल, तिथे निर्णय उपकरणाजवळ ठेवणे हा विश्वासार्हता वाढवण्याचा पहिला मार्ग आहे.

मांजरा

मी लातूरला संख्याशास्त्र शिकवते. धागाकर्त्यांच्या पहिल्या हिशेबाला एक पुस्ती जोडते. एक चुकलेला संदेश यंत्र खपवून घेते आणि लागोपाठ दोन चुकले तरच थांबते, अशी व्यवस्था केली, तर कागदावर चित्र फार सुंदर दिसते. लाखात एकाचा लाखात एकाशी गुणाकार होऊन एक हजार कोटीत एक अशी शक्यता येते, आणि सेकंदाला ५,००० संदेशांच्या त्या शेडमध्ये असा प्रसंग साधारण २३ दिवसांतून एकदाच यावा.

हा गुणाकार करण्याचा अधिकार मात्र दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच मिळतो. रेडिओ लहरी पत्र्याच्या भिंतींवरून, यंत्रांवरून परावर्तित होऊन वेगवेगळ्या वाटांनी येतात, आणि काही ठिकाणी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. ३.५ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे अशा खड्ड्यातून बाहेर पडायला साधारण चार सेंटिमीटर सरकावे लागते. सेकंदाला एक मीटर या गतीने चालणाऱ्या ट्रॉलीला त्यासाठी ४० मिलिसेकंद लागतील, आणि तेवढ्या वेळात तिचे चार संदेश एकाच खड्ड्यात पडतील. यंत्र जागेवर स्थिर असेल आणि आसपास हालचालही नसेल, तर ते तिथेच अडकून राहील. म्हणजे पहिला संदेश चुकला असताना दुसरा चुकण्याची शक्यता लाखात एक मुळीच नसते. ती निम्म्याच्याही वर असू शकते. तेच वाक्य त्याच वाटेने पुन्हा पाठवल्याने फारसे काही साधत नाही.

स्वातंत्र्य विकत घ्यावे लागते आणि त्याचा परतावा मोठा असतो. एकाच अँटेनावर लाखात एक चूक एवढी खात्री हवी असेल, तर अशा परिस्थितीत सरासरी सिग्नल गरजेच्या लाखपट ठेवावा लागतो. खऱ्या अर्थाने स्वतंत्र असलेल्या दोन अँटेना असतील आणि त्यातली चांगली निवडता येत असेल, तर तीच खात्री सुमारे तीनशे पटीत मिळते. ताकद वाढवण्यापेक्षा वाटा वाढवणे किती फायद्याचे आहे, हे एवढ्या एका उदाहरणावरून दिसते.

मन्याड

मांजरा यांच्या "खऱ्या अर्थाने स्वतंत्र" या शब्दांशी मी पूर्ण सहमत आहे, कारण आमचे निम्मे आयुष्य त्याच शब्दांमागे धावण्यात जाते. मी नांदेड आणि हिंगोली भागात टॉवर देखभालीचे काम करतो. कागदावर बेस स्टेशनला दोन फायबर असतात, एक मुख्य आणि एक राखीव. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दोन्ही एकाच चरातून गेलेल्या असतात, आणि रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही तुटतात. एका टॉवरवरचे तीन सेक्टर, दोन कंपन्यांची उपकरणे, दोन वेगवेगळे पट्टे हे सारे बाहेरून स्वतंत्र दिसते, पण खाली डीपी एक असते, बॅटरीची खोली एक असते आणि जनरेटरही एकच. दोन कंपन्यांची सिम घेऊन निश्चिंत झालेल्या ग्राहकाने ती दोन्ही एकाच मनोऱ्यावरून चालतात का, हे आधी पाहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट वेगळी ओळखली पाहिजे. संदेश १ मिलिसेकंदात पोहोचण्याची शक्यता आणि जाळे मुळात चालू असण्याची शक्यता, ही दोन मापे आहेत. जाळे ९९.९९९ टक्के वेळ चालू ठेवायचे म्हणजे वर्षात सव्वापाच मिनिटेच बंद राहण्याची मुभा. ग्रामीण भागातल्या टॉवरवर, जिथे उन्हाळ्यात बॅटऱ्या उष्णतेने लवकर थकतात आणि वळवाच्या वादळात लाईन तासन्‌तास बंद राहते, तिथे ती मुभा एका संध्याकाळीच संपते. मिलिसेकंदांवर खर्च करण्याआधी बॅटऱ्या बदलण्यावर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिंदफणा

मी बीड जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात तंत्रज्ञ म्हणून काम पाहतो. मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांशी आमचे डॉक्टर व्हिडिओवर बोलतात. सकाळी हे व्यवस्थित चालते. दुपारी नोंदींच्या संगणकावरून क्ष-किरण प्रतिमा वर चढवायला सुरुवात झाली की चित्र अडते, आणि आवाज इतका मागे पडतो की दोन्हीकडचे डॉक्टर एकाच वेळी बोलू लागतात. तपासणी केली तर वेग पुरेसा दिसतो आणि पॅकेट हरवल्याचेही दिसत नाही. सेवा देणाऱ्याने "आमच्या बाजूने सर्व ठीक आहे" एवढेच कळवले. रुग्णासमोर डॉक्टर ताटकळत असताना हे उत्तर फार लागते.

दुधना

सिंदफणा, पॅकेट हरवत नाहीत, हेच आपल्या अडचणीचे मूळ असावे. प्रतिमा पाठवणारा संगणक जागा मिळेल तेवढा माल ओतत राहतो, राउटर आणि मोडेममधल्या मोठ्या साठवणीत तो माल रांगेत उभा राहतो, आणि डॉक्टरांच्या आवाजाची छोटी पॅकेट त्याच रांगेच्या शेवटी जाऊन थांबतात. काहीच टाकून दिले जात नाही, म्हणून तपासणीत सारे छान दिसते. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बोलताना सहसा जाणवत नाही, हा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा जुना निकष आहे. फुगलेल्या रांगेत तो केव्हाच ओलांडला जातो.

यावर उपाय आहेत. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारी आणि रांगेतला मुक्काम सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहू लागला की मुद्दाम काही पॅकेट टाकून देणारी पद्धत २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या दस्तऐवजात मांडली गेली आहे आणि अनेक राउटरांत ती उपलब्ध आहे. टाकलेल्या पॅकेटवरून पाठवणाऱ्या संगणकाला आवर घालण्याची सूचना मिळते. ती चालू करून अपलिंकची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवावी, म्हणजे रांग मोडेममध्ये न साचता आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये राहील. मोबाईल जाळ्यात वेग दिवसभर वरखाली होतो, त्यामुळे ही मर्यादा सर्वांत वाईट वेळेनुसार ठरवावी लागेल. प्रतिमा रात्री पाठवता आल्या तर त्याहून चांगले.

आणखी एक. फोर-जीच्या मानकांत सेवांचे वर्ग ठरलेले आहेत. साध्या व्होल्टी कॉलच्या, म्हणजे फोर-जीवरून केलेल्या नेहमीच्या फोन कॉलच्या, वर्गाला १०० मिलिसेकंदांची मुदत असते आणि शंभरात एक पॅकेट हरवलेले चालते; सामान्य इंटरनेटच्या वर्गाला ३०० मिलिसेकंदांची मुभा असते, मात्र दहा लाखांत एकच हरवावे अशी अपेक्षा असते. ॲपवरून केलेला कॉल बहुधा दुसऱ्या वर्गातून जातो. म्हणून रुग्ण गंभीर असताना चित्र ॲपवर ठेवावे आणि बोलणे सरळ फोनवर करावे. गर्दीच्या वेळी बेस स्टेशन आधी फोनचा आवाज पुढे काढते.

पूर्णा

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एका प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही. मुदतीच्या संदेशाला पुढे काढायचे म्हणजे कोणाला तरी मागे ढकलायचे. फाइव्ह-जीत तर दुसऱ्याचा संदेश चालू असताना त्याच्या मधूनच जागा कापून तातडीच्या संदेशाला देण्याची सोय आहे. आमच्या परभणीकडे कालव्याच्या आवर्तनाचा अनुभव आहे: पाणी सोडल्याची नोंद होते, सरासरी क्षेत्रही भिजलेले दिसते, आणि टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत मात्र पाणी येत नाही. पैसे मोजणाऱ्या कारखान्याला हमी, आणि टॉवरच्या कडेला असलेल्या वस्तीवरच्या मुलाच्या ऑनलाइन तासाला उरलेसुरले, असे होणार नाही याची खात्री कोण देणार?

दुधना

पूर्णा, आपली काळजी रास्त आहे आणि तिला तांत्रिक उत्तर अर्धेच आहे. ते अर्धे असे की मधूनच जागा कापली जाते तेव्हा ज्याचे नुकसान झाले त्याला कोणता भाग कापला हे कळवण्याची सोय मानकांतच आहे, त्यामुळे संपूर्ण संदेश पुन्हा न पाठवता तेवढाच तुकडा पाठवता येतो. तातडीचे संदेश छोटे आणि मोजके असतील, तर इतरांना बसणारा फटका खरोखर कमी असतो. ते मोजके राहावेत यासाठी प्रवेशावर मर्यादा हवी. जेवढ्यांची मुदत पाळता येईल तेवढ्यांनाच हमीच्या वर्गात घ्यायचे आणि पुढच्याला स्पष्ट नकार द्यायचा. सर्वांनाच प्राधान्य दिले की प्राधान्याला अर्थ उरत नाही, आणि नकार न देणारे जाळे शेवटी सर्वांचीच मुदत चुकवते.

उरलेले अर्धे उत्तर धोरणाचे आहे. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट समानतेची, म्हणजे जाळ्यावरच्या सर्व मजकुराला समान वागणूक देण्याची, तत्त्वे स्वीकारली, तेव्हा विशेष सेवांना त्यातून वगळण्याची तरतूद ठेवली. माझ्या मते कारखान्यांनी शक्य तिथे आपले खासगी जाळे, आपल्या आवारात, वेगळ्या लहरींवर उभारावे, म्हणजे गावाच्या वाट्याला हात लागणार नाही. सार्वजनिक जाळ्यात हमीचा वर्ग ठेवायचाच असेल, तर त्याची कमाल टक्केवारी जाहीर असावी आणि कडेच्या वापरकर्त्याला किमान काय मिळेल हेही सोबत लिहिलेले असावे. मोजमाप प्रसिद्ध करताना सरासरी देऊ नये. सर्वांत वाईट पाच टक्के वापरकर्त्यांना काय मिळाले तो आकडा द्यावा. आपल्या टेलच्या शेतकऱ्याचा हिशेब त्याशिवाय बाहेर येणार नाही.

तेरणाकाठ

आपत्तीच्या वेळी काय होते? तुळजापूरच्या नवरात्रातल्या गर्दीतही फोन लागत नाही. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ ला, मोबाईल नव्हतेच. आज तसे काही घडले तर सारा जिल्हा एकाच वेळी फोन उचलेल.

मन्याड

तेरणाकाठ, एकच मजकूर सर्वांना द्यायचा असेल तेव्हा प्रत्येकाला वेगळा संदेश पाठवणे चुकीचे ठरते. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या टापूतले सारे फोन ऐकतात. फोन शंभर असोत की एक लाख, लहरींचा खर्च तेवढाच. २०२३ मध्ये सर्वांच्या फोनवर मोठ्या आवाजात जे चाचणी संदेश वाजले होते, ते याच पद्धतीचे होते. उलट दिशेला, म्हणजे लोकांकडून टॉवरकडे, अशी सोय नसते. तिथे जाळे काही वर्गांच्या फोनना काही काळ हाक देण्यापासूनच रोखते आणि आपत्कालीन क्रमांकांना वाट मोकळी ठेवते.

मांजरा

एक व्यावहारिक प्रश्न विचारते. आमच्या काही माजी विद्यार्थ्यांना एका कारखान्यासाठी अशा जाळ्याची चाचणी घ्यायची आहे. लाखात एक चूक हे सिद्ध करण्यासाठी किती संदेश पाठवावे लागतील, याचा नियम मी त्यांना सांगितला आहे: तीन लाख संदेश पाठवून एकही चुकला नाही, तरच ९५ टक्के विश्वासाने "लाखात एकापेक्षा जास्त नाही" असे म्हणता येते, तेही घटना स्वतंत्र असतील तर. चाचणी कशी मांडावी, हे धागाकर्त्यांनी सांगावे.

दुधना

मांजरा, तीन लाख संदेश एका रिकाम्या रविवारी पाठवू नयेत, एवढे प्रथम सांगावे. पाळी बदलताना, क्रेन चालू असताना, कामगारांचे फोन त्याच टॉवरवर असताना आणि कॅमेऱ्यांचे चित्रण वर चढत असताना चाचणी व्हावी. अपलिंक आणि डाउनलिंक वेगळे मोजावेत, कारण अडचण बहुधा अपलिंकवर असते. प्रत्येक संदेशाला क्रमांक द्यावा, म्हणजे चुकलेले संदेश सुटे होते की एका घोळक्यात होते ते कळेल. माझ्या दृष्टीने एकूण संख्येपेक्षा सर्वांत लांब घोळका किती मिलिसेकंदांचा होता ही नोंद अधिक उपयोगाची आहे. यंत्र किती वेळ संदेशावाचून तग धरू शकते, त्याच्याशी ती ताडून पाहावी. सर्व्हर मुंबईत असेल, तर लातूरपासूनच्या सुमारे ५०० किलोमीटर फायबरमध्ये प्रकाशालाच जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे नियंत्रणाचा संगणक आवारातच हवा.

मन्याड

त्यात एक भर घालतो. पिंगने जाऊन-येऊनचा एकत्रित वेळ मिळतो. त्याला दोनने भागून एका बाजूचा विलंब काढू नये, कारण दोन्ही बाजू समान नसतात. एका बाजूचे माप हवे असेल तर दोन्ही टोकांची घड्याळे आधी जुळवावी लागतील. शेडच्या बाहेर जीपीएसचा अँटेना लावून दोन्ही यंत्रांना तीच वेळ द्यावी. मोबाईल जाळ्यावरूनच वेळ जुळवली, तर ज्या विलंबाचे माप घ्यायचे आहे तोच घड्याळात शिरतो.